टेक्सास ब्लूबॉनेट बियांपासून कसं लावायचं? (ऑस्टिनजवळ, काळी चिकण माती)

मुक्ता_सीडरपार्क

नमस्कार मंडळी,

ऑस्टिनच्या उत्तरेला, सीडर पार्कला, आमच्या मागच्या कुंपणालगत २० फूट बाय ५ फुटांची पट्टी आहे. दिवसभर ऊन असतं. माती काळी आणि चिकण: पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. सध्या तिथे बर्म्युडा गवत आहे. त्या जागी ब्लूबॉनेट, म्हणजे टेक्सासचं निळं रानफूल, लावायचं मनात आहे. एक तर त्याचा तो हलका गोड वास, दुसरं म्हणजे शेजारच्या वाफ्यातल्या भोपळा-दुधीसाठी मधमाश्या येतील, आणि शेंगवर्गीय असल्याने मातीत नत्रही वाढेल अशी अपेक्षा.

गेल्या फेब्रुवारीत बी टाकलं होतं. फारच थोडं उगवलं आणि जी रोपं आली ती रात्रीत कुणीतरी कुरतडून टाकली. बी कधी पेरायचं, किती, आधी काही प्रक्रिया लागते का, रायझोबियम जिवाणू लावायचे का? घरात तीन वर्षांचं मूल आहे, तेव्हा झाड विषारी असेल तर तेही सांगा.

---

चुनखडी

मुक्ताताई, फेब्रुवारीच चुकला. ब्लूबॉनेट म्हणजे रब्बीचं पीक समजा. पावसाळी ओल संपता संपता हरभरा पेरतात, थंडीत तो मूळ धरतो आणि ऊन तापायच्या आत दाणा भरतो. ह्याचंही तसंच आहे. मध्य टेक्सासात सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पेरा, फार तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. उगवायला जमीन अजून थोडी उबदार लागते आणि नंतर तीन-चार महिने गारवा लागतो. हिवाळाभर वर फारसं काही दिसत नाही, रोप जमिनीला चिकटून गोल पसरलेलं राहतं, पण खाली मूळ वाढत असतं. फेब्रुवारीत पेरलेल्याला हा काळच मिळत नाही. त्याला फूल आलंच तर चार इंचांच्या रोपावर एखादा तुरा येतो आणि ते उन्हाने संपतं.

बी घेताना पाकिटावर 'ल्युपिनस टेक्सेन्सिस' हे नाव बघा. नर्सरीत रंगीबेरंगी 'रसेल ल्युपिन' मिळतात, ते थंड प्रदेशातले आहेत, आपल्या उन्हात टिकत नाहीत. टेक्सासने १९०१ मध्ये राज्यफूल ठरवलं तेव्हा ठरावात 'ल्युपिनस सबकार्नोसस' ही वालुकामय जमिनीतली जात होती. १९७१ मध्ये बाकीच्या जातीही त्यात घेतल्या. तुमच्या चुनखडीवरच्या काळ्या मातीला टेक्सेन्सिसच योग्य. किरमिजी 'अलामो फायर' वगैरे वाण निळ्यात मिसळून लावू नका. मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात आणि पुढच्या पिढ्यांत निळाच वरचढ होतो.

प्रमाण: चौरस फुटाला ८ ते १० बिया. एका औंसात साधारण हजारभर बिया बसतात, म्हणजे तुमच्या १०० चौरस फुटांना एक औंस पुरे. दाट पेरून फायदा नाही. पसरलेलं रोप सहज फूटभर जागा घेतं. दाटीत एकमेकांवर चढलेली रोपं बुडाशी ओलसर राहून कुजतात.

बीजप्रक्रिया: ह्या बीचं कवच खड्यासारखं टणक असतं आणि पाणी आत शिरू देत नाही. निसर्गात ते रोपाच्या फायद्याचंच आहे. सगळं बी एकाच वर्षी उगवलं आणि दुष्काळ पडला तर वंश संपेल, म्हणून थोडं थोडं करत काही वर्षं उगवत राहतं. आपल्याला पहिल्याच वर्षी फुलं हवीत म्हणून कवच कमजोर करायचं. दोन मार्ग आहेत. एक, पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये बी ठेवून घासायचं. दाण्याची चकाकी गेली आणि ओरखडे दिसले की थांबायचं, आतला पांढरा भाग उघडा पडता कामा नये. दुसरा, बी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, सकाळी वाडग्यात घेऊन त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि तसंच निवू द्यायचं. गॅसवर बी उकळायचं नाही, मरेल. काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, दाणे फुगून जवळजवळ दुप्पट झालेले दिसतात. फुगलेलं बी त्याच दिवशी पेरायचं, पुन्हा वाळू द्यायचं नाही. पाकिटावर 'स्कॅरिफाइड' लिहिलं असेल तर ह्यातलं काहीच करू नका, कारखान्यात झालेलं असतं.

मी सगळ्या बियांवर प्रक्रिया करण्याच्या विरुद्ध आहे. एक तृतीयांश बी तसंच टणक राहू द्या आणि त्यातच मिसळून पेरा. डिसेंबरात अचानक सगळं मेलं तरी पुढच्या वर्षीची सोय जमिनीत राहते.

जमीन: बर्म्युडा नुसता कापून भागणार नाही, मुळासकट काढा. कुदळीने खोल उलथापालथ मात्र नको, खालचं तणाचं बी वर येतं. वरचा इंचभर थर दाताळ्याने खरवडला की पुरे. एक फूट खोल खड्डा करून दोनदा पाण्याने भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर त्या जागी ब्लूबॉनेट कुजणार. तिथे सहा इंच उंच गादीवाफा करा, डिकंपोज्ड ग्रॅनाइट (झिजून भुगा झालेला ग्रॅनाइट दगड) आणि वरची माती मिसळून. चिकण मातीत नुसती वाळू घालू नका, वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. कंपोस्ट, शेणखत, युरिया काहीही नको. नत्र मिळालं की पाला माजतो, फूल कमी येतं आणि तण सगळ्यात आधी फोफावतं.

पेरणी: बी चार-पाच पट कोरड्या वाळूत मिसळा. अर्धं लांबीच्या दिशेने, अर्धं रुंदीच्या दिशेने फेका म्हणजे सारखं पडतं. दाताळं हलकं फिरवून पाव इंच माती येऊ द्या, अर्ध्या इंचापेक्षा खोल नको. मग फळी ठेवून त्यावर चाला. बी मातीला दाबून चिकटलं पाहिजे, पोकळीत राहिलं तर अंकुर फुटून वाळतो आणि उघडं राहिलं तर पक्षी टिपतात.

पाणी: उगवेपर्यंत वरचा थर ओलसर ठेवा, झारीने, धार लावून नाही. प्रक्रिया केलेलं बी साधारण दहा दिवसांत दिसू लागतं. चार-पाच खरी पानं आली की हात आवरा. दोन-तीन आठवडे पावसाचा थेंब नसेल तरच एकदा नीट भिजवा. तुमचं स्प्रिंकलर वेळापत्रकावर चालत असेल तर ती पट्टी त्यातून वेगळी करा. घरच्या बागेत ब्लूबॉनेट पाण्यावाचून क्वचित मरतं, जास्त पाण्याने नेहमी.

---

रानफूल_डॅलस

चुनखडींनी पेरणीचं सगळं सांगितलंय. रोपं कुरतडली त्याबद्दल मी लिहिते.

रात्रीत बुडापासून रोप आडवं आणि बाजूला चिकट चमकदार रेघ असेल तर गोगलगाय. रेघ नसेल आणि पानं, देठ कुरतडलेले असतील तर बहुधा पिलबग, हात लावला की गोळी होणारे ते करडे किडे. सडका पाला हे त्यांचं खरं खाणं, पण ओल असली आणि कोवळी रोपं समोर असली की सोडत नाहीत. म्हणून ह्या पट्टीवर लाकडी भुश्श्याचं किंवा सालींचं आच्छादन अजिबात नको. एरवी बागेत आच्छादन चांगलं, इथे ते किड्यांचं घर होतं, शिवाय बीही दडपलं जातं. संध्याकाळी टरबुजाची साल किंवा अर्धा बटाटा पालथा ठेवा, सकाळी खाली जमलेले किडे उचलून टाका. पाणी सकाळीच द्या म्हणजे रात्रीपर्यंत वरची माती सुकते. गोगलगायींना आयर्न फॉस्फेटचे दाणे चालतात. पिलबगवर नुसत्या आयर्न फॉस्फेटचा भरवसा धरू नका. रोपाला पाच-सहा पानं आली की हा धोका बराच कमी होतो.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. तुमच्या लॉनची देखभाल कुणी कंपनी करत असेल तर ते शरद ऋतूत तण उगवू नये म्हणून प्री-इमर्जंट टाकतात. काही 'वीड अँड फीड' खतांतही तेच असतं. तण काय आणि ब्लूबॉनेट काय, उगवणारं कोवळं मूळ ते सारखंच मारतं. पट्टीवर आणि तिच्या वरच्या उतारावर हे पडता कामा नये, पावसाने वाहून येतं. बी चांगलं, वेळ बरोबर, तरी काहीच उगवलं नाही, तर पहिला संशय ह्यावर घ्या.

आणि निंदताना रोप ओळखा. आधी दोन जाड, गोलसर दले येतात. मग पंजासारखं पान, बहुधा पाच पर्णिका, कडांना बारीक मऊ लव. दव पडलेल्या सकाळी पर्णिका जिथे एकत्र येतात तिथे पाण्याचा एकच टपोरा थेंब अडकून राहिलेला दिसतो. हे दिसलं की ते रोप उपटू नका.

---

गाठीवाला

रायझोबियमबद्दल.

मुळांवर गाठी करणारे जिवाणू शेंगवर्गीय पिकांच्या प्रत्येक गटाला वेगळे लागतात. वाटाणा, क्लोव्हर, सोयाबीन ह्यांचं संवर्धक (जिवाणूंची पूड) ल्युपिनला, म्हणजे ब्लूबॉनेटच्या कुळाला, उपयोगाचं नाही. पाकिटावर ल्युपिन असं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि मुदत संपलेली नको, कारण आत जिवंत जिवाणू आहेत. बी किंचित ओलं करा, काळी पूड चोळा, सावलीतच ठेवा आणि लगेच पेरा. ऊन आणि क्लोरीनचं पाणी ह्या दोन्हींनी जिवाणू मरतात, म्हणून ओलं करायला पावसाचं पाणी घ्या. उकळत्या पाण्याची प्रक्रिया करणार असाल तर बी पूर्ण गार झाल्यावरच पूड लावायची.

आसपास पूर्वी ब्लूबॉनेट होती अशा मातीत जिवाणू आधीच असतात, तिथे संवर्धक नसलं तरी चालतं. नव्या वसाहतीत बिल्डरने बाहेरून आणून पसरलेल्या मातीत ते असतीलच असं नाही. ओळखीच्यांच्या बागेत ब्लूबॉनेट चांगली येत असतील तर तिथली दोन ओंजळी माती आणून पट्टीवर पसरा, तेवढ्यानेही काम होतं.

काम होतंय की नाही ते तपासता येतं. फेब्रुवारीअखेर एक रोप मातीच्या ढेकळासकट उकरा, पाण्यात हलवून धुवा. मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर नत्र धरणं चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ आहे पण काम करत नाही, आणि गाठीच नसतील तर जिवाणू पोचलेच नाहीत किंवा मातीत आधीच नत्र जास्त आहे.

आता नत्राच्या अपेक्षेबद्दल स्पष्ट लिहितो, कारण ह्यात बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. झाड जिवंत असताना शेजारच्या दुधीला फारसं काही मिळत नाही. हवेतला नत्र झाडाच्या अंगात जातो आणि झाड कुजल्यावरच मातीला परत मिळतो. त्यातही बी पिकू दिलं तर बराच नत्र दाण्यांत जाऊन बसतो. म्हणून 'पुढच्या वर्षी फुलं हवीत' आणि 'मातीला भरपूर नत्र हवा' ही दोन्ही उद्दिष्टं एकाच झाडाकडून पूर्ण होत नाहीत.

मधला मार्ग असा: पट्टीचा भाजीच्या बाजूचा दीड फूट भाग भर फुलात असताना जमिनीलगत कापा. मुळं आत राहू द्या, उपटू नका, गाठी मुळांवरच आहेत. पाला बारीक करून वरच्या दोन इंचांत मिसळा आणि तीन आठवडे थांबून भेंडी लावा. एप्रिलच्या शेवटी भेंडीला जमीन तापलेली हवीच असते, वेळ जुळते. बाकीची पट्टी बियांसाठी सोडा. आणि भाजीच्या मुख्य वाफ्याचीच माती सुधारायची असेल तर ब्लूबॉनेटचा हट्ट नको. त्यासाठी शरदात क्रिमसन क्लोव्हर किंवा ऑस्ट्रियन विंटर पी पेरा, पाला जास्त येतो आणि कापायला जीव तुटत नाही.

---

मधुकोष

मधमाश्यांसाठी ब्लूबॉनेट चांगलं, पण ते देतं काय हे माहीत असू द्या. मिळतो तो पराग, मकरंद जवळजवळ नाहीच. पराग पिलांच्या वाढीसाठी लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पोळ्यात पिलं वाढत असतात, त्यामुळे माशा आवर्जून येतात. बंबलबीही येते.

फूल जवळून बघा. वरच्या उभ्या पाकळीवर मध्यभागी पांढरा ठिपका असतो. माशी खालच्या पाकळ्यांवर बसून दाब देते, तेव्हा नावेसारख्या मिटलेल्या पाकळीच्या टोकातून नारिंगी पराग तिच्या पोटाला लागतो. फूल जुनं झालं की तोच ठिपका किरमिजी होतो आणि माशा तिकडे फिरकत नाहीत. तुऱ्याच्या शेंड्याला पांढरे ठिपके आणि खाली किरमिजी, असं एकाच तुऱ्यावर दिसतं. सगळेच किरमिजी दिसू लागले की बहर संपत आला.

मुक्ताताई, तुमचा भोपळा-दुधी फुलायला लागेल तोवर ब्लूबॉनेट संपलेलं असेल. मधली पोकळी भरायला गायलार्डिया (इकडे इंडियन ब्लँकेट म्हणतात) आणि लेमन बीबाम, म्हणजे मोनार्डा सिट्रिओडोरा, लावा. दोन्ही ह्याच शरदात पेरायच्या, दोन्हींना मकरंद आहे, गायलार्डिया एप्रिलपासून आणि मोनार्डा मेपासून फुलते, मोनार्डाच्या पानांना लिंबासारखा वासही आहे. बी बारीक असतं, मातीने झाकू नका, नुसतं दाबा. पण ब्लूबॉनेटमध्ये मिसळू नका. मेअखेर पट्टी कापायची वेळ येते तेव्हा ह्या ऐन फुलात असतात. कुंपणाच्या बाजूला एक फुटाची वेगळी ओळ ठेवा, मोनार्डा उंच होते, तिची सावलीही मग पट्टीवर पडणार नाही.

लॉनमधल्या हुमणीसाठी इमिडाक्लोप्रिड टाकत असाल तर बंद करा. ते मुळांतून फुलात, परागात पोचतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंडीतली तयार ब्लूबॉनेट मिळतात, ती घेणार असाल तर नर्सरीत विचारा की अशी औषधं वापरली होती का. कुंडीतलं रोप लावताना मान मातीत गाडू नका, कुंडीत होती त्याच पातळीला ठेवा, नाहीतर बुडाशी कुजतं. दोन रोपांत फूटभर अंतर.

---

मुक्ता_सीडरपार्क

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठे वाचायला मिळालं नव्हतं. विषारीपणाचं राहिलं. आणि फुलं गेल्यावर पट्टी वाळकी दिसेल, एचओएकडून (वसाहतीच्या घरमालक संघटनेकडून) पत्र येईल अशी भीती आहे. कधी कापता येईल?

---

चुनखडी

विषारी आहे. बियांत ल्युपिनचे अल्कलॉइड असतात, पाल्यातही. हात लावल्याने, वास घेतल्याने काही होत नाही, पोटात जाता कामा नये. खरी जोखीम एप्रिल-मेमध्ये आहे, कारण शेंगा लव असलेल्या कोवळ्या मटारासारख्या दिसतात. घरी मटार सोलायला बसणाऱ्या मुलाला तो फरक कळणार नाही. त्या पाच-सहा आठवड्यांत पट्टीला दोन फुटी जाळी लावा. पेरणीसाठी भिजवलेलं बीही ओट्यावर हरभऱ्यासारखं पडू देऊ नका. मुलाने खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी १-८००-२२२-१२२२ ह्या पॉयझन कंट्रोलच्या क्रमांकावर लगेच फोन करा, लक्षणांची वाट बघू नका.

कापणी: फुलल्यावर बी पिकायला साधारण सहा-आठ आठवडे लागतात, म्हणजे मेचा उत्तरार्ध. निम्म्याहून जास्त शेंगा तपकिरी होऊन तडकल्या की कापा, चार इंच उंचीवर. हिरव्या शेंगा कापल्या तर बी पोचट राहतं आणि पुढच्या वर्षी पट्टी विरळ होते. शेंग वाळली की पीळ खाऊन फुटते आणि बी काही फूट लांब उडतं. बी गोळा करायचं असेल तर शेंगा पिवळट-तपकिरी झाल्यावर, फुटायच्या आत तोडा, कागदी पिशवीत भरून तोंड दुमडा. प्लॅस्टिकची पिशवी नको, बुरशी येते. खोलीत ठेवली की दोन-चार दिवस पिशवीत तडतड ऐकू येईल. दाणे करडे-तपकिरी आणि टणक असतील तेच ठेवा, हिरवे चपटलेले टाका.

एचओएबद्दल: टेक्सासात २०१३ पासून दुष्काळात तग धरणाऱ्या बागकामावर एचओएला सरसकट बंदी घालता येत नाही. पण आराखडा आधी मंजूर करून घ्या असं ते सांगू शकतात. म्हणून पेरणीआधीच अर्ज द्या: पट्टीचं माप, झाडांची नावं, कडेला दगडी किंवा धातूची किनार, आणि 'मेअखेर कापणी' असा स्पष्ट उल्लेख. किनार असली की तीच वाळकी पट्टी मुद्दाम ठेवलेली वाटते.

---

वाफा_पुणे

छान धागा. बहीण डॅलसला आहे, तिच्याकडून थोडं बी पोस्टाने मागवावं का? पुण्यात रब्बीत येईल असं वाटतं.

---

गाठीवाला

पोस्टाने मागवू नका. भारतात बी आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं. पाकिटात घालून पाठवलेलं बी त्यात बसत नाही. आणि परकं झाड मोकळ्यावर सोडण्यात फायदाही नाही.

तुमच्याकडे ह्याच कामाला जवळचं झाड आहे: रानमेथी, म्हणजे मेलिलोटस. वाळली की कुमारिन ह्या द्रव्याचा गोड, ताज्या गवतासारखा वास येतो, माश्यांना मकरंद मिळतो, गाठी धरते. शिवाय मेथी आणि लसूणघासाचं रायझोबियम तिला चालतं, ते शोधायला त्रास नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, बी ह्याचंही टणक, पॉलिश पेपरने घासून घ्या. दोन गोष्टी सांभाळा. गव्हाच्या शेताजवळ लावू नका, तिथे ती तण आहे, बी धरायच्या आत कापा. आणि कापलेला पाला ओला राहून बुरशी आली तर जनावरांना घालू नका, बुरशीमुळे त्यातल्या कुमारिनचं डायकुमारॉल होतं आणि रक्त गोठणं बंद होतं. खरिपात मातीसाठीच काही हवं असेल तर ताग, जून-जुलैत पेरून ४५-५० दिवसांनी फुलावर येताना गाडायचा. कडेची एक ओळ गाडू नका, फुलू द्या. तागाच्या पिवळ्या फुलावर मोठे काळे भुंगे येतात.